मेन्नाच्या थडग्यातील चित्रे : आरसा की कैफियत?

प्राचीन ईजिप्तमधील अधिकाऱ्यांच्या थडग्यांतील भित्तिचित्रांना तत्कालीन दैनंदिन जीवनाचा आरसा म्हणण्याचा प्रघात आहे. थीब्जच्या पश्चिमेस शेख अब्द अल्-कुर्ना येथे असलेल्या मेन्नाच्या थडग्यावरून (क्र. ६९, इ. स. पू. सुमारे १४००) हे मत तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

मेन्ना हा राजाच्या शेतजमिनींचा लेखक, म्हणजे आपल्या परिभाषेत महसुली अधिकारी होय. दोरीने चाललेली शेतमोजणी, मळणी, धान्याचे माप आणि त्याची नोंद करणारे लेखनिक भिंतीवर रंगविलेले आहेत. मैत्रिणीच्या पायातील काटा काढणारी मुलगी आणि झिंज्या ओढून भांडणाऱ्या दोघीही तेथे दिसतात. शाहूपुरीच्या गूळपेठेत वजन आणि वही यांची जोडी पाहिलेल्या वाचकास हे सारे ओळखीचे वाटेल. मात्र ओळख पटणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे.

याच शेतीदृश्यांत एका माणसास छडीचा मार दिला जात आहे. हे दृश्य ज्याच्या थडग्यात रंगविले गेले, त्यास त्यात लाजिरवाणे काही वाटले नसावे; चोख कारभाराची ती साक्षच ठरली. मार खाणाऱ्याची बाजू मात्र कोठेही नाही. आतील दालनात ओसायरिससमोर हृदयाची तुला होते. इतरांचे माप घेणाऱ्याचेच येथे माप घेतले जाते. त्यामुळे सर्व चित्रमालिकेस कैफियतीचे रूप येते. पुढे कोणीतरी मेन्नाचे डोळे हेतुपुरस्सर खरवडून काढले. चित्रे केवळ शोभेची मानली जात असती, तर या वैराचे प्रयोजन उरले नसते.

आपल्याकडील वीरगळांबाबतही हाच विवेक हवा. करवीर तालुक्यातील बीड येथे असे अनेक वीरगळ आहेत. वीरगळावर सामान्यतः खाली युद्ध, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य असा क्रम आढळतो. वीरगळ मरणाचे सार्थक सांगतो, तर मेन्नाचे थडगे अधिकाराचे. दोन्हींतील तपशील इतिहासास मोलाचा आहे. परंतु तो पक्षकाराने मांडलेला आहे. म्हणून ‘हे असे घडत होते काय?’ एवढेच विचारून अभ्यासकाने थांबू नये. ‘हे असेच दिसावे, ही इच्छा कोणाची होती?’ हाही प्रश्न त्याने विचारावा. भिंतीवरील त्या मार खाणाऱ्या माणसास न्याय द्यावयाचा, तर याखेरीज अन्य मार्ग नाही.