‘बारा पट’ म्हणजे नेमके काय?

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारले, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून हे सर्व्हरच्या प्रोसेसरचे काय काढलेत?’ सोडलेले नाही. आम्ही एका ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळावर आहोत, आणि तिथे टेबलावर एक कोटेशन पडले आहे. जुना सर्व्हर काढा, नवा घ्या. नवा प्रोसेसर बारा पट. तेवढ्या पैशात पाने सुटत चाललेल्या कितीतरी पुस्तकांची बांधणी होते. तेव्हा ‘बारा पट’ या दोन शब्दांचा अर्थ लावणे आम्हाला भागच आहे.

शाळेत उपमा अलंकार शिकलात ना? उपमेय, उपमान, साम्य दाखवणारा शब्द, आणि साधारण धर्म. म्हणजे कोणत्या गुणाबाबत तुलना चालली आहे ते. प्रोसेसरच्या तुलनेचे तक्ते पाहा. एका रकान्यात जुना, दुसऱ्यात नवा, मध्ये ‘पट’. साधारण धर्म तेवढा गाळलेला. काव्यात अशी लुप्तोपमा शोभते. कोटेशनमध्ये तिचे पैसे आपण भरतो.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. आमच्याकडचा आहे इंटेलचा झिऑन ई५-२६७०, २०१२ सालचा. आठ कोअर, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टीडीपी ११५ वॅट. सुचवलेला आहे एएमडीचा एपिक ९६५४, २०२२ सालचा. ९६ कोअर, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टीडीपी ३६० वॅट. आठाचे शहाण्णव झाले, म्हणून बारा पट. हिशेब बरोबर आहे, पण तो कोअरच्या संख्येचा आहे. शिवाय आमच्या सर्व्हरमध्ये असे दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे कोअर सोळा. बारा पट तिथेच सहा पट झाले! (ग्रंथालयाला ९६ कोअर कशाला, हा प्रश्न मंडळात कुणी विचारला नाही. आम्हीही नाही, हे कबूल करतो.)

प्रोसेसरला प्रोसेसर लावला तरी एकच एक पट निघत नाही. मेमरीकडे चला. जुन्याला डीडीआर३ मेमरीचे चार मार्ग, सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ गिगाबाइट. नव्याला डीडीआर५ चे बारा मार्ग, ४६०.८ गिगाबाइट. म्हणजे नऊ पट. पण कोअर बारा पट झालेत! वाटणी करा. जुन्यात प्रत्येक कोअरच्या वाट्याला ६.४ येतात, नव्यात ४.८. सगळे कोअर एकदम मेमरीवर तुटून पडले, तर नव्यातल्या प्रत्येकाला कमी मिळते. उलट, एल३ कॅश २० मेगाबाइटची ३८४ झाली, म्हणजे एकोणीस पटींहून अधिक. तिथे प्रत्येकाचा वाटा वाढला. तीही एकसंध नाही, आठ-आठ कोअरच्या बारा तुकड्यांत विभागलेली आहे. टीडीपी मात्र तीनच पट. आणि टीडीपी म्हणजे थंडाव्याची सोय किती उष्णतेसाठी करावी याचा आकडा. विजेच्या मीटरचे रीडिंग नव्हे.

मग बारा, नऊ, एकोणीस, तीन यांतला खरा आकडा कोणता? सगळेच खरे आहेत. धर्म वेगळा आहे.

कोणी म्हणेल, सर, म्हणून तर प्रमाणित चाचण्या असतात. असतात, आणि आम्हाला त्यांच्याविषयी आदर आहे. ‘स्पेक’ ही संस्था अशा चाचण्या बनवते. तिच्या चाचणीत ‘स्पीड’ आणि ‘रेट’ अशी दोन वेगळी मापे आहेत. एक काम किती लवकर संपले, हे स्पीड. ठरावीक वेळात किती कामे उरकली, हे रेट. पंगतीत सहा वाढपी होते, तुम्ही छत्तीस लावलेत. पंगत झरझर उठेल, पण चुलीवरचे वरण शिजायला लागणारा वेळ तोच. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी हेच मांडले. समजा, कामाचा दहा टक्के भाग वाटून देताच येत नाही. तर सोळा कोअर ते काम एका कोअरच्या ६.४ पट वेगाने करतील आणि ९६ कोअर सुमारे ९.१ पट. कोअर सहा पट, फायदा दीडपटीपेक्षाही कमी! नव्यातला एकेक कोअर जुन्यापेक्षा चपळ आहे, एका ठोक्यात जास्त काम करतो, हे मान्य. त्याचा लाभ वेगळा धरा. पण तो ‘बारा पटीं’तून दिसत नाही.

आणि मापपट्टीसुद्धा बदलते, बरं का. स्पेकची २००६ सालची चाचणी २०१८ मध्ये निवृत्त झाली. तिची जागा २०१७ च्या चाचणीने घेतली. दोन्हींचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आमच्या प्रोसेसरचे प्रसिद्ध गुण बहुतेक जुन्या चाचणीतले, एपिकचे नव्या. तरीही लोक ते शेजारी-शेजारी मांडतात.

याहून आम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. न्यायदर्शनात प्रत्यभिज्ञेचे ठरलेले उदाहरण आहे, ‘तोच हा देवदत्त’. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बंदोबस्त घालावा लागला, आणि काही प्रकारच्या कामांत जुने इंटेल प्रोसेसर हळू झाले. सिलिकॉनचा कणही हललेला नव्हता. मग २०१२ साली मोजलेला प्रोसेसर ‘तोच हा’ का? वस्तू तीच आहे, पण छापील आकडा आज तिचा राहिलेला नाही. म्हणजे इथे तक्ता नव्याला न्याय देत नाही, जुन्याची मात्र उगाच स्तुती करतो. टीका करायची तर दोन्ही बाजूंनी करावी.

आता आमची चूक सांगतो. हा सर्व्हर आम्ही वापरलेलाच घेतला होता. ‘सोळा कोअर, एवढ्या स्वस्तात!’ म्हणून भुललो. आमच्याकडे दोन कामे. ग्रंथसूचीचा शोध दिवसभर, पण अगदी हलका. आणि स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरे ओळखण्याचे काम, महिन्यातून चार दिवस, पण जड. दोन्ही एकाच यंत्रावर टाकली, म्हणून ते रात्रंदिवस चालू. मीटर लावून पाहिला तेव्हा रिकामे बसलेले असतानाही सुमारे १८० वॅट खात होते. वर्षाला जवळपास १,५७७ युनिट! युनिटला दहा रुपये धरले तरी पावणेसोळा हजार, बहुतांश काही न करण्याचे.

जिथे शंभर जुने सर्व्हर अहोरात्र भरलेले धावतात, तिथे हेच आकडे नव्याच्या बाजूने बोलतील. थोड्या यंत्रांत तेवढेच काम, कमी वीज, कमी जागा. फक्त सॉफ्टवेअरचा परवाना कोअर मोजून घेतला आहे का, तेवढे पाहावे. विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोअरवरच आहे.

आमच्यापुरते आम्ही मंडळाला असे सुचवले आहे. सूची एका लहान संगणकावर हलवावी. जुना सर्व्हर चार दिवस चालवावा, एरवी बंद. आणि विक्रेत्याला आमचीच हजार पाने द्यावीत. किती वेळ लागला आणि किती युनिट जळले, एवढे दोनच आकडे त्याने लिहून आणावेत. पाने मंगळवारी पाठवली आहेत. बांधणीवाल्यालाही थांबायला सांगितलेले नाही.