साडेचार मीटरच्या लाटा

दर पावसाळ्यात आम्हा अंधेरीकरांना एक बातमी हमखास वाचायला मिळते : ‘आज दुपारी समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ ती वाचून माणसे जुहू-वेसाव्याला लाटा पाहायला जातात. पुष्कळदा लाटा बेताच्याच असतात. मग कोणीतरी म्हणतो, “शास्त्रज्ञांचा अंदाज पुन्हा चुकला!” अंदाज चुकलेला नसतो, शब्द चुकलेला असतो.

ते साडेचार मीटर लाटेचे नसतात, भरतीच्या पाण्याच्या पातळीचे असतात. समुद्र सहसा ज्याच्या खाली उतरत नाही अशा एका ठरावीक पातळीपासून ही उंची मोजतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच तिच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरीपेक्षा दोनेक मीटर उंच. लाट वाऱ्याने उठते आणि काही सेकंदांत फुटते. भरती चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने येते आणि चढायला सुमारे सहा तास घेते. भौतिकीच्या गणितात भरतीही एक अतिदीर्घ लाट ठरते हे खरे, पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती लाट म्हणून दिसत नाही.

दुसरे वाक्य, ‘आज हाय टाइड आहे’. इंग्रजी शब्दांशी आमचे वैर नाही. स्टेशन, ऑक्सिजन आम्हीही म्हणतो. पण हाय टाइड म्हणजे नुसती भरती, आणि ती रोजच येते, बहुतेक दिवशी दोनदा. बातमीदाराला सांगायचे असते ते निराळेच. त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हाची ही मोठी भरती. अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची भरती. मुंबईत उधाणात भरती-ओहोटीतला फरक सरासरी साडेतीन मीटरहून अधिक असतो, भांगात दीड मीटरच्या आसपास. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी हे शब्द घेतले, हे फार चांगले केले. ‘भांग’ ऐकून वर्ग हसतो. हसू द्यावे, हसलेला शब्द विसरला जात नाही.

आणखी एक गंमत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ निघते, असा किनाऱ्यावर जुना आडाखा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे सारे शास्त्र त्या एका ‘पाऊण’मध्ये बसले आहे.

हा शब्दांचा कीस नव्हे. ‘लाटा’ म्हटले की धोका चौपाटीवर आहे असे वाटते. ‘उधाण’ म्हटले की नाल्याची आठवण होते. समुद्राची पातळी नाल्याच्या मुखाच्या वर गेली की पावसाचे पाणी बाहेर पडत नाही आणि अंधेरीच्या सबवेसारख्या सखल जागी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दुपारी भरतीही होती. तेव्हा घरी थांबावे की निघावे हे ठरवणाऱ्याला लाटेची नव्हे, भरती-ओहोटीच्या वेळेची गरज होती.

शिक्षकांना आमची सूचना अशी. पंधरा दिवस वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा व उंची फळ्यावर लिहून घ्याव्यात, शेजारी तिथी लिहावी आणि आलेख काढावा. पाऊणपटीचा आडाखा किती मिनिटांनी चुकतो तेही मुलांना मोजू द्यावे. मग बातमीतले ते वाक्य त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावे. भाषेचा तास आणि विज्ञानाचा तास तेव्हा निराळे काढावे लागणार नाहीत.