वेलचीचा वाच्यार्थ

मंडळी, आज आपण एका जाहिरातीची समीक्षा करू. कवितेची करतो तशीच.

जाहिरात ओळखीची आहे. मोठा नट, आलिशान मोटार, हातात वेलचीची चिमुकली डबी. तंबाखू कुठेही नाही. पण लालबागच्या नाक्यावर कुणालाही विचारा, हे काय विकताहेत? ‘वेलची’ म्हणणारा क्वचितच भेटेल. कारण नाव पान मसाल्याचं, रंग तेच, अक्षरांचं वळणही तेच.

आपल्या काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती मानतात: अभिधा, लक्षणा, व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त काव्याचा आत्मा सुचवलेल्या अर्थात, ध्वनीत, पाहिला. या जाहिरातीत वाच्यार्थ वेलची आणि व्यंग्यार्थ गुटखा. फरक एवढाच, की कवी आपल्या व्यंग्यार्थाला जबाबदार असतो. इथे विकायचा व्यंग्यार्थ, आणि कुणी जाब विचारला की पुढे करायचा वाच्यार्थ.

हे का करावं लागलं? 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींना आळा घातला. 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पान मसाला, दोन्हींवर बंदी आणली. बंदीतून पळवाट निघाली ती जोडपुडीची: एका पुडीत मसाला, दुसरीत तंबाखू, मिसळणारा गिऱ्हाईक. वस्तू दोन पुड्यांत गेली. नाव मात्र जाहिरातीत अखंड राहिलं. वेपचंही तसंच. ‘धूर नाही, वाफ आहे’ म्हणायचं आणि वाफेतलं निकोटीन गाळायचं. 2019 पासून देशात ई-सिगारेटच्या विक्रीला आणि जाहिरातीला बंदी आहे, पण ‘वाफ’ हा निरागस शब्द अजून काम करतोच आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: गिरणगावात कामगारांच्या कमरेला चंची होतीच, तिला कुठे जाहिरात लागली? खरं आहे. पण ती पिढी सरते आहे. जुनं गिऱ्हाईक व्यसन सोडतं किंवा मरतं, त्याच्या जागी नवं, तरुण गिऱ्हाईक लागतं. जाहिरात त्याच्यासाठी असते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: सज्ञान माणसाची निवड आहे, तुम्ही कोण? इथे जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेतात. पण 1859 च्या ‘ऑन लिबर्टी’त तोच मिल म्हणतो की स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचं स्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे. शिवाय निवड करायची तर समोर काय आहे ते कळायला हवं. खरी वस्तू लपवूनच जे विकावं लागतं, त्याच्या विक्रेत्याने निवडीची भाषा बोलू नये.

मग करायचं काय? 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिराती निषिद्ध ठरवल्या आहेत. म्हणजे व्यंग्यार्थ कायद्यालाही कळतो. आता कंपनीला साधा हिशेब विचारावा: वेलची किती विकली, आणि तिच्या जाहिरातीवर किती खर्च केला? आणि आपल्याकडचं म्हणाल, तर गणपतीच्या कमानीवर कुणाचं नाव लावायचं हे मंडळच ठरवतं. तिथे ‘ही तर वेलची’ ही सबब आपण तरी स्वीकारू नये.

इथून थोड्याच अंतरावर, परळला, 1941 पासून टाटा रुग्णालय उभं आहे. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण तिथे दुरून दुरून येतात. त्यांच्या केसपेपरवर जे लिहिलेलं असतं, त्याला व्यंग्यार्थ नसतो.