विहिरीच्या काठावर कोण होतं?

गावाकडच्या आठवणींचं कुठलंही पुस्तक घ्या, पहिल्या दहा पानांत विहीर येतेच. कमरेला वाळला भोपळा बांधून चुलता पोराला पाण्यात ढकलतो आणि पोरगं पोहायला शिकतं. मग सुरपारंब्या, बोरं, चिंचा, हुरडा, जत्रेतली शेव-रेवडी. शेवटी लेखक उसासा टाकतो, ते दिवस राहिले नाहीत. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. पुस्तकांची पारख करायला बसलो तर लोक हसतील. पण असली पुस्तकं मी गेली तीस वर्षं वाचतोय, आणि तसलाच एक लेख मीही लिहिलाय. तेव्हा दोन शब्द बोलतो.

तो लेख मी थोरल्या बहिणीला, आक्काला वाचून दाखवला. ती शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "चांगलं लिव्हलंयस. पर तू पवत हुतास तवा मी कुटं हुते रं?"

मला उत्तर देता आलं नाही. ती तिथंच होती, विहिरीच्या काठावर. कडेवर धाकटा भाऊ, पुढ्यात धुण्याचा ढीग. त्याला सांभाळायला कुणीतरी पाहिजे म्हणून तिची शाळा चौथीत सुटली. माझ्या चार पानांत विहीर होती, भोपळा होता, काठावरच्या बाभळीवरचं सुगरणीचं खोपंसुद्धा होतं. आक्का नव्हती.

त्या दिवसापासून मी आवडती पुस्तकं पुन्हा काढून वाचली. एकच बघायचं ठरवलं, सुख कुणाचं लिहिलंय आणि त्या वेळी काम कोण करतंय.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची, आमच्याच माणदेशातली. तरुण मास्तर वाडीत येतो तर शाळेला पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागं गेलेली. शहरातल्या माणसाला वाटेल, काय मोकळं बालपण! पण मेंढरांमागं जाणं हे त्या पोरांचं काम आहे, हे माडगूळकर विसरू देत नाहीत. आणि शेवटी पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, वाडी उठून जाते. माळाचं सुख आणि माळाचा दुष्काळ एकाच पुस्तकात नांदतात. 1972 च्या दुष्काळात आमच्या विहिरीनंही तळ दाखवला. आई आणि आक्का रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. माझ्या लेखात ते साल आलंच नव्हतं.

आनंद यादवांची 'झोंबी' 1987 ची, 1990 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलचं पोरगं शाळेसाठी बापाशी झगडतं, आणि बापाला हवेत रानात राबणारे हात. लोक तिला नुसत्या दुःखाचं पुस्तक म्हणतात, ते मला पटत नाही. मोट, पाणी, गुरं-ढोरं यांचं तिथलं बारीक वर्णन त्यांची गोडी असलेल्या माणसाशिवाय कुणाला जमणार नाही. फक्त ती गोडी घामासकट येते. आजकाल सुट्टीच्या दिवशी बैलगाडीचा फेरा आणि हुरडा पैसे घेऊन देतात, त्यात घाम वगळलेला असतो. आमचे पुष्कळ आठवणींचे लेख त्याच जातीचे झालेत.

तिसरं पुस्तक बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचं. खानदेशातली ही बाई, अक्षरओळख नाही. गाणी छापली गेली ती त्यांच्या माघारी, 1952 साली. जातं, चूल, पेरणी, मळणी, सगळं हातातल्या कामाचं, आणि तिथंच आनंद. आम्ही बाप्ये लिहितो ते काम संपल्यावरचं सुख. बाईचं काम संपतंच कुठं? तिला गायचं तर कामातच गावं लागतं. हे मला बहिणाबाई वाचून कळायला हवं होतं. कळलं आक्काच्या एका प्रश्नानं.

आमचे लेख खोटे नसतात. विहिरीचं पाणी गारच होतं, बोरं गोडच होती. पण पोहणाऱ्या पोरानं एकदा मान वर करून काठाकडं बघावं, एवढीच माझी तक्रार आहे. ती पहिल्यांदा माझ्यावरच लागू होते.

तो लेख मी फाडला नाही. परत आक्काकडं गेलो आणि विचारलं, "तुझं सुख काय होतं गं?"

तिनं शेंगांची पाटी बाजूला सारली. "पंचमीचा झोका," म्हणाली. "लिंबाच्या फांदीला दादा बांधायचा. त्या दिवशी आय मला खाली उतर म्हनायची न्हाई."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय? वर्सातनं एक दिस."

माझ्या पोहण्याच्या सुट्टीला चार पानं गेली होती. तिच्या एका दिवसासाठी मी पाचवं पान जोडलंय. ते अजून नीट जमलेलं नाही.