रस्त्याकडेला बसलेली रॉयसर

टाइम ट्रायल टीव्हीवर बघणं तसं कंटाळवाणं असतं, हे आधीच कबूल करते. सायकलींचा घोळका नाही, एकमेकींच्या आडोशानं वारा चुकवणं नाही, शेवटच्या वळणावरची रेटारेटी नाही. ठरावीक मिनिटांच्या अंतरानं एकेक बाई रस्त्यावर येते, पुढच्या दांड्यांवर कोपरं टेकते, मान खाली घालते आणि जाते. कोण पुढे, कोण मागे हे डोळ्यांना कळतच नाही. ते पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे सांगतात. शर्यत घडते रस्त्यावर, आणि आपण ती वाचतो आकड्यांत. मला हा प्रकार आवडतो तो याच विचित्रपणासाठी.

१० ऑगस्ट २०२३ रोजी स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची महिलांची टाइम ट्रायल होती. ३६.२ किलोमीटर, आणि शेवटी किल्ल्याकडे जाणारा चढ. स्वित्झर्लंडच्या मार्लेन रॉयसरकडं बहुतेकांचं लक्ष होतं. ती शिक्षणानं डॉक्टर, या खेळात उशिरा आलेली. टोकियो ऑलिंपिकचं रौप्य तिच्याकडं होतं, जागतिक स्पर्धेत दोनदा रौप्य, एकदा कांस्य. दहाएक दिवसांपूर्वी फ्रान्समध्ये पो इथं झालेली महिलांच्या टूरची शेवटची टाइम ट्रायल तिनं जिंकली होती, आणि दोनच दिवसांपूर्वी मिश्र रिलेत देशाला सुवर्ण मिळवून दिलं होतं. आता हिचीच पाळी, असं सगळे धरून चालले होते. मीही.

अर्ध्या वाटेत ती थांबली. सायकलवरून उतरली आणि रस्त्याकडेला बसली.

मी आधी चाकाकडं पाहिलं. पंक्चर असणार. मग साखळीकडं, मग तिच्या गुडघ्यांकडं. माझ्या डोक्यात कारणांची यादी तयारच होती आणि ती सगळी कारणं एकतर यंत्राची होती, नाहीतर शरीराची. नंतर तिनंच सांगितलं, की यातलं काहीच नव्हतं. एकामागून एक शर्यतींनी ती मनानं थकली होती, आणि त्या दिवशी स्वतःला पिळून काढायची इच्छाच तिला सापडेना. क्लोई डायगर्टनं ग्रेस ब्राउनला पावणेसहा सेकंदांनी मागं टाकून शर्यत जिंकली. शर्यत म्हणून ती उत्तमच होती, पण मला आठवते ती दुसरीच.

टाइम ट्रायल हा प्रकार सगळं मोजतो. पेडलवरचा जोर, हृदयाचे ठोके, वाऱ्याचा विरोध, हेल्मेटचा आकार. जे मोजलं जात नाही ते गृहीत धरलेलं असतं: उतरलेल्या बाईला जायचं आहे. रॉयसरनं ते गृहीतकच बाजूला ठेवलं. शर्यतीच्या भाषेत त्याला शब्द नव्हता, म्हणून आपण सगळे तिच्या चाकाकडं बघत बसलो.

माझी तक्रार आहे ती पुढं जे झालं त्याबद्दल. २०२४ मध्ये आजारपणामुळं ती पॅरिस ऑलिंपिकला मुकली. सप्टेंबर २०२५ मध्ये किगालीला तिनं आना व्हान डर ब्रेगनला पाऊण मिनिटाहून जास्त फरकानं हरवून जागतिक सुवर्ण घेतलं. मला मनापासून आनंद झाला. पण त्या दिवसापासून स्टर्लिंगची गोष्ट किगालीची प्रस्तावना म्हणून सांगायची सोय झाली: खचली, सावरली, जिंकली. किगालीला ती चौथी आली असती तर स्टर्लिंगचं थांबणं चूक ठरलं असतं का? या चढत्या कमानीत त्या प्रश्नाला जागाच नाही.

महिलांच्या टाइम ट्रायलबद्दल आपण बोलतो तेही याच कमानीत. आधी अन्याय, मग समता. टोकियोत बायकांना २२.१ किलोमीटर आणि पुरुषांना बरोबर दुप्पट, त्याच वळशाच्या दोन फेऱ्या. मग २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वूलंगाँगला दोघांनाही ३४.२. झालं, प्रश्न सुटला! फक्त पुढच्याच वर्षी स्टर्लिंगला पुरुषांना पुन्हा जवळपास साडेअकरा किलोमीटर जास्त होते. पॅरिसला दोघांना ३२.४, आणि किगालीत परत वेगळं. हे काही झेपण्या-न झेपण्याचं कोडं नाही. ज्या बाया डोंगरातल्या दीडशे किलोमीटरच्या शर्यती जिंकतात त्यांना दहा किलोमीटर जड जाणार नाहीत. पण अंतर कमी झालं की जोर पुरवून वापरायचा हिशेब आखूड होतो, आणि टाइम ट्रायलमध्ये बघण्यासारखं मुख्यतः तेच असतं. एकट्या बाईनं रस्त्यावर किती वेळ असावं हे दरवर्षी नव्यानं ठरतं, कधी असं, कधी तसं, आणि आपण त्याला प्रगती म्हणून मोकळे होतो.

किगालीनंतर मी स्टर्लिंगचं निकालपत्रक पुन्हा उघडलं. डायगर्टच्या नावापुढं सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतची वेळ आहे. रॉयसरच्या नावापुढं वेळ नाही. डीएनएफ, म्हणजे शर्यत अपूर्ण, एवढंच.