लाल ठिपका पाहिला, पक्षी निसटला

ब्रिटनमधील शहरी उद्यानांत कधी कधी एक मजेशीर दृश्य दिसते. हिरवळीवर उभा राहून एखादा कुरव जागच्या जागी भराभर पाय आपटतो. गांडुळे वर आली की तो ती टिपतो. असे दृश्य पाहिले की निको टिनबर्गन यांचे ‘द हेरिंग गल्स वर्ल्ड’ (१९५३) हे पुस्तक आठवते.

हेरिंग कुरवाच्या पिवळ्या चोचीवर लाल ठिपका असतो. पिल्लू त्यावर चोच मारते आणि आईबाप अन्न ओकून देतात. पुठ्ठ्याच्या चोची करून, ठिपक्यांचे रंग बदलून टिनबर्गन यांनी हे तपासले. महागड्या उपकरणांवाचून विज्ञान कसे करावे, याचा हा उत्तम धडा आहे. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुस्तकाचा भर पक्ष्याच्या वागण्यावर आहे, वर्षानुवर्षांच्या मोजणीवर नाही. तो त्याचा दोष म्हणता येणार नाही. दोष आपल्या अध्यापनाचा आहे. आपण लाल ठिपका शिकवतो आणि तिथेच थांबतो.

हाच कुरव २००९ मध्ये ब्रिटनच्या चिंताजनक पक्ष्यांच्या ‘लाल यादी’त गेला. तरीही हातातला खाऊ पळवणारा उपद्रवी म्हणून शहरांत त्याच्याविरुद्ध तक्रारी होतच असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. छपरावरील घरट्यापर्यंत कोल्हा पोहोचत नाही, शिवाय जवळच उष्टेखरकटे मिळते. किनाऱ्यावरील वसाहती मात्र रोडावल्या. डोळ्यांपुढे गर्दी दिसली म्हणजे जात सुरक्षित, हा समज चुकीचा ठरतो.

आपल्या चिमणीची गोष्ट नेमकी उलटी आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालानुसार देशभरात तिची संख्या पंचवीसहून अधिक वर्षे साधारण स्थिर राहिली, घट दिसली ती महानगरांत. शहरातल्या माणसाने मात्र ‘चिमणी संपली’ असा निर्वाळा देऊन टाकला!

म्हणून शिक्षकांनी टिनबर्गन जरूर वाचावेत, पण शेजारी एक वहीही ठेवावी. शाळेच्या आवारात दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, पंधरा मिनिटे दिसतील ते पक्षी मुलांकडून मोजून घ्यावेत. कावळा, चिमणी, साळुंकी यांनाही वगळू नये. ओळखीचे पक्षी कुणी मोजत नाही, म्हणूनच ते कधी कमी झाले हे आपल्याला सांगता येत नाही.