खुरदाह आणि पूरक खाद्यांचे दावे
घोड्यांच्या लॅमिनायटिसचे, म्हणजे खुरदाहाचे, मूळ पुष्कळदा रक्तातील अतिरिक्त इन्सुलिनात असते. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रक्तशर्करा सम राखून निरोगी तट्टांना सतत इन्सुलिन दिले असता तीन दिवसांत खुरदाह उद्भवला. क्रोमियम-मॅग्नेशियमयुक्त पूरके इन्सुलिनाचे नाव घेऊनच विकली जातात; परंतु कारण कळले म्हणजे औषध सिद्ध झाले, असे नव्हे. २०११ मधील अमेरिकी चाचणीत अशा पूरकाने स्थूल, खुरदाहग्रस्त घोड्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारली नाही. चाचणी लहान होती, हा आक्षेप रास्त. तथापि त्याने दाव्यास बळ येत नाही. दरम्यान लंगडणाऱ्या जनावराचे दिवस वाया जातात, आणि वाळले गवत भिजवून त्यातील शर्करा उतरविण्याचा जवळजवळ बिनखर्ची उपाय मात्र लांबणीवर पडतो.